फ्यूम हूडपुढची उदबत्ती

टाकव्याजवळच्या रंगाच्या कारखान्यात मी जेमतेम आठवडाभर होतो. तिथल्या लॅबमधल्या गृहस्थांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सगळे त्यांना भाऊ म्हणत. रोज सकाळी, बाटल्या बाहेर काढण्याआधी, ते फ्यूम हूडपुढे, म्हणजे विषारी वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटापुढे, उदबत्ती धरायचे. येणारेजाणारे हात जोडत. साहेब तर डोळेही मिटत.

"भाऊ, फार भाविक हो तुम्ही," मी म्हणालो.

ते मिशीत हसले. "देव कुटला हितं? धूर आत गेला म्हंजे पंखा ओढतोय."

"मग यांना सांगत का नाही?"

"हात जोडल्यालं मानूस काचेच्या आत डोकं घालत न्हाई."

शनिवारी धूर उलटा फिरला आणि डोळे मिटलेल्या साहेबांच्या थेट नाकात गेला. भाऊंनी बाटल्यांचं कपाट उघडूच दिलं नाही.

साहेब खोकत ओरडले, "काम का थांबवलं?"

"देव कोपलाय, साहेब. पंख्यात अडकलाय."

साहेबांनी ताबडतोब मेकॅनिक बोलावला, वर नारळही आणवला. खोबरं मात्र भाऊंनी सगळ्यांना लॅबच्या दाराबाहेर उभं राहून खायला लावलं. साहेबांनासुद्धा.