साहेबांना कोळंबी सोलायला लावणाऱ्या हिरामावशी

महिन्यापूर्वी सकाळीच हिरामावशींच्या सुनेचा फोन आला. "ताई, आई गेल्या... झोपेतच." आदल्या संध्याकाळी मावशी मासळी विकून, वाटेत तिघींशी भांडून आणि चौघींना हसवून घरी आल्या होत्या. यापेक्षा बरं मरण कुठलं, असं सगळे म्हणाले. मला मात्र त्या दिवशी रेशनच्या दुकानाचं कुलूप उघडवेना.

हे दुकान आमच्या बचत गटाकडे आहे. अलिबागच्या किनाऱ्यावरच्या आमच्या कोळीवाड्यात बायकांचा जन्म कोळंबी सोलण्यात जातो, बोटांवरच्या रेषा पार झिजून जातात. काही वर्षांपूर्वी अंगठ्याचं मशीन आलं आणि ते या बायकांना ओळखेचना. घरात मुलगा-सून असलेल्यांचं त्यांच्या अंगठ्यावर भागलं. मावशींचंही भागलं. पण त्यांची शेजारीण जनाआजी एकटी, कार्डावर दुसरं नाव नाही. दोन महिने मी तिला रिकाम्या पिशवीनिशी परत पाठवलं. नियमच तसा, मी तरी काय करणार... अशी मनाची समजूत घालत होते. मग कळलं, आजी एकच वेळ जेवते.

मावशी माझ्यावर कडाडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तुजा सायब कवा येनार हाय?"

पुरवठा खात्याचे साहेब तपासणीला आले, त्या दिवशी मावशी ताज्या कोळंबीची टोपली घेऊन हजर. साहेबांनी अर्ज करायला सांगितलं. मावशी म्हणाल्या, "अर्ज करू. पन आदी ही अर्दी टोपली सोला, मंग आंगठा लावून दावा." साहेब तरुण, विदर्भातले, कोळंबीला हात न लावलेले. क्षणभर त्यांनी मावशींकडे पाहिलं, बाह्या दुमडल्या आणि खरंच खाली बसले! काटे टोचत होते, बोटं सुरकुतत होती, बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. तासाभरानं हात धुऊन त्यांनी अंगठा लावला. सकाळी याच अंगठ्यानं त्यांनी मशीन उघडलं होतं. आता ते नाही म्हणालं. पुन्हा लावला, पुन्हा नाही.

"तुमी एक तास सोललीव, सायेब. आमी चालीस वर्सा सोलताव."

साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग गंभीर झाले. त्याच दिवशी वहीत नोंद करून त्यांनी आजीला तांदूळ द्यायला लावला आणि काही महिन्यांत डोळे बघणारं मशीन आमच्याकडे आलं. आजी भीतीनं डोळे घट्ट मिटायची. मावशी मागून ओरडायच्या, "डोलं मोटं कर गो, नवरा बघाला आलाय तुला!" आजी खुदकन हसायची, डोळे विस्फारायची आणि पावती बाहेर यायची. तेव्हापासून दर महिन्याला मावशी तिच्या मागे उभ्या असायच्याच.

परवा धान्य आलं. जनाआजी पहिल्यांदाच एकटी आली, रडून डोळे सुजलेले. मशीनसमोर आपणच डोळे मोठे करून उभी राहिली. पावती आली. तिनं तो कागद उलटसुलट करून पाहिला.

"हिरी मागं नसली तरी देतंय काय गो?"

"देतंय की, आजी."

"मना वाटला, तिलाच भिऊन देत व्हता!"

रांगेतल्या सगळ्या बायका हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती आजीच.