काठीची पितळी मूठ

काळूराम तीस वर्षं भाईंदरच्या एका कारखान्यात टर्नर होते, लेथवर धातूला आकार द्यायचे. निवृत्तीनंतर त्यांनी जेसल पार्कच्या घरात, गॅलरीत, हौसेने छोटं लेथ मशीन बसवलं आणि दोनच महिन्यांत लकव्याने त्यांचा उजवा हात गेला. झाकलेल्या मशीनसमोर ते तासन्‌तास नुसते बसून राहायचे. शांतीला, त्यांच्या बायकोला, ते बघवेना. एका सकाळी तिने मशीनवरची चादर काढली आणि म्हणाली, "मला शिकवा."

"आधी बांगड्या काढ, पदर खोच. तुकडा पकडणाऱ्या चकात चावी विसरू नकोस, आणि चालू मशीनवरचा धातूचा कीस हाताने ओढू नकोस."

तिने पितळेचा तुकडा लावला. मशीन थरथरून किंचाळलं, तशी ती घाबरली.

"बंद कर. कापणारं टूल तुकड्याच्या मध्याच्या खाली गेलंय. त्याच्याखाली पत्र्याची पट्टी सरकव आणि कट बारीक घे."

या वेळी पितळ गुळगुळीत उतरलं. काळूराम डोळे मिटून ऐकत होते. "आता बरोबर कापतंय," ते म्हणाले.

दुपारपर्यंत त्यांच्या काठीची मूठ तयार झाली. त्यांनी ती डाव्या हाताने चाचपली.

"कडेला धार राहिलीय. कानस दे, मी काढतो."

शांतीने मूठ घट्ट धरली. कितीतरी महिन्यांनी काळूराम कानस चालवत होते, हळूहळू, डाव्या हाताने.