तापलेल्या पाण्यातला मस्की

मर्ल सोबचॅक अलीकडे सकाळी उठायचा तोच दमलेला. गावातली कागद गिरणी बंद पडली तेव्हापासून तो टॅमरॅक तळ्यावर होडी वल्हवत लोकांना मस्कीच्या मागे फिरवत होता. मस्की हा माणसाच्या पायाएवढा लांब, तोंडभर दातांचा आणि कमालीचा शिष्ट मासा. जिवंत आमिषालाही तो सहसा भाव देत नाही. आणि मर्लची गिऱ्हाइकं त्याला हरणाच्या शेपटीचे केस नि कोंबड्याची पिसं गळाला बांधून केलेल्या खोट्या माशीवर धरू बघणारी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! या माशा मर्ल हिवाळाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बांधायचा. "सूपमध्ये केस निघाला तर तो माझा की हरणाचा, हे आता मी बघतसुद्धा नाही," असं त्याची बायको आर्डिस येईल त्याला सांगायची.

उजवा खांदा कामातून गेला होता आणि गुडघे त्याच वाटेवर होते. धक्क्यावर त्याला मान होता तो फक्त एका गोष्टीसाठी. उन्हाळ्यात पाणी तापलं की मस्कीला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. तापल्या पाण्यात झुंज देऊन मासा इतका थकतो की आपण सोडल्यावर पोहत जातो खरा, पण पुढे कुठेतरी पोट वर करून तरंगतो. मर्लने थर्मामीटरवर आर्डिसच्या नेलपॉलिशने लाल खूण केली होती. पारा तिच्यापुढे गेला की त्या दिवशी नुसता बास हा दुसरा, काटक मासा धरायचा. एकदा ड्वेन नावाच्या तरुण वाटाड्याने तापल्या पाण्यात मस्की धरला, तेव्हा मर्लने सगळ्या धक्क्यासमोर त्याची अशी बिनपाण्याने केली की पुढे सगळेच वाटाडे ती खूण पाळू लागले.

जुलैच्या त्या सकाळी हार्लन फोइग्ट आला तो काठी टेकत. वॉसॉ गावचा हा निवृत्त पोस्टमन दरवर्षी यायचा आणि दरवर्षी मस्कीवाचून परत जायचा. त्याला सोडायला आलेली मुलगी मर्लला बाजूला घेऊन म्हणाली, "डॉक्टर पुढच्या उन्हाळ्याचं बोलतच नाहीत, मर्लकाका. बाबांना एकदा तो मासा मिळू दे."

मर्लने होडीच्या पलीकडच्या बाजूने थर्मामीटर पाण्यात सोडला. पारा लाल खुणेच्या चांगलाच वर होता. त्याने तो पुसून खिशात टाकला.

"काय म्हणतंय पाणी?" हार्लनने विचारलं.

"चालेल," मर्ल म्हणाला. नाही म्हणायचं त्राणच त्याच्यात उरलं नव्हतं.

दिवसभर तो वल्ही मारत राहिला आणि हार्लन माशी फेकत राहिला. मस्की माशीमागून थेट होडीपर्यंत येतो आणि तिथे विचार करत थांबतो. म्हणून दोरी ओढून झाली तरी माशी वर उचलायची नसते, गळाच्या काठीचं टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठचा आकडा काढायचा असतो. ही मर्लने लावलेली सवय. हार्लनच्या ती इतकी अंगवळणी पडली होती की अंगणात सराव करतानाही तो गवतावर आठ काढायचा.

"बायको असताना तिला वाटायचं, डोक्यावर परिणाम झालाय," हार्लन म्हणाला.

"नव्हता झालेला?"

"गप वल्हव."

दुपारी त्यांनी लिव्हर सॉसेजचे सँडविच खाल्ले. हार्लनला अर्धंही गेलं नाही. तो बराच वेळ हात पाण्यात सोडून बसला होता.

उन्हं कलताना, शेवाळाच्या कडेला, माशीमागे एक लांब सावली निघाली. मर्लने वल्ही थांबवली. एवढा मोठा मस्की त्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मासा होडीशी आला आणि जबडा किंचित उघडून थांबला. "आठ," मर्ल पुटपुटला. काठीचं टोक पाण्यात गेलं, आकड्याचा पहिला वळसा झाला, मासा माशीबरोबर वळला. आणि हार्लनने माशी पाण्याबाहेर काढली.

मस्की क्षणभर तिथेच राहिला, मग सावकाश खाली गेला.

"अरे, काय केलंस हे?" मर्लचा आवाज चढला. "घेतच होता तो!"

"हो. दिसलं मला." हार्लनने गळाची काठी होडीत आडवी ठेवली. "पाणी आमच्या न्हाणीघरातल्यासारखं गरम आहे, मर्ल. दुपारी हात घातला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं, मासा येणारच नाही. इतकी वर्षं कुठे आला? म्हटलं, तुझीही समजूत राहील, माझीही." तो दम खात थांबला. "मेलेला मासा घेऊन काय करू मी?"

"मी चुकलो," मर्ल म्हणाला.

"चुकलास." हार्लनने समजूत घातली नाही. "दिसायला काय होता पण."

मर्लने होडी वळवली. त्याला लाज वाटत होती, आणि दमल्यामुळे ती झटकूनही टाकता येत नव्हती.

धक्क्यावर ड्वेन बास धरायच्या काठ्यांची दोरी गुंडाळत होता. इतर वाटाडेही होते. "काय हार्लन," ड्वेनने विचारलं, "मस्की मिळाला का यंदा तरी?"

मर्ल दोर बांधायला वाकला आणि वाकूनच राहिला.

"कुठला मस्की?" हार्लन म्हणाला. "पाणी तापलंय ना. किती विनवलं मी, पण या हट्टी म्हाताऱ्याने माशी टाकू दिली असेल तर शपथ."

"म्हातारा कुणाचं ऐकतोय!" ड्वेन म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला आदर मर्लला स्पष्ट ऐकू आला. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं. हार्लन त्याच्याकडे बघत होता. मर्लने तोंड मिटलं आणि हार्लनची टेकायची काठी त्याच्या हातात दिली.