रिव्हर्सची खरखर

माझे वडील धरमपेठेतल्या एका डॉक्टरबाईंच्या गाडीवर ड्रायव्हर होते. बाई बाळंतपणं करायच्या, त्यामुळे बोलावणं कधीही यायचं आणि कुठूनही यायचं. महाल नावाच्या जुन्या भागातल्या बोळांत गाडी कशीबशी आत शिरायची, पण वळवायला जागा नसायची. तिथून ती उलटीच बाहेर काढावी लागे. बाबा एक हात सीटच्या पाठीवर टाकत, मान वळवत आणि सायकली, रिक्षा, मध्येच बसलेली गाय सगळं चुकवत गाडी मागे आणत. ओट्यांवरची माणसं बघत राहायची. बाबांना त्या कसबाचा अभिमान होता आणि मला बाबांचा.

आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यात रिव्हर्स टाकताना गाडी खरखरायला लागली. जात्यात खडा सापडावा तसा आवाज. आधी कधीतरी यायचा, मग रोज येऊ लागला. बाई मागून म्हणाल्या, "अहो, एकदा दाखवून घ्या बरं."

रविवारी बाबा मला म्हणाले, "चाल वं, तू बी चाल माह्यासंगं." मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. गॅरेजमध्ये त्यांनी मला कधीच नेलं नव्हतं. गाडी तिथं ठेवावी लागली तर घरी पायी यावं लागेल आणि तेव्हा कुणीतरी सोबत असावं, हा विचार त्यामागे होता. तो मला नंतर कळला.

मिस्त्री बाबांच्याच वयाचे, जुन्या ओळखीचे. त्यांनी आधी इंजिन बंद ठेवून रिव्हर्स टाकला. गिअर लोण्यासारखा बसला. मग इंजिन चालू करून बाबांना टाकायला सांगितला. खर्रर्र.

"गिअरबॉक्स चांगला हाय गा," मिस्त्री म्हणाले. "दाते खराब असते तर बाकी बी तरास दिला असता. क्लच पुरा सुटून नाही राहिला."

मी विचारलं, "मग फक्त रिव्हर्सलाच आवाज का येतो?"

त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून दाखवली. "पुढच्या गिअरात दाते जुळवून घ्याची सोय असते, पोरी. रिव्हर्सले नाही. क्लच पुरा दाबला का आतलं चाक थांबते. थांबाच्या आधीच टाकला, तर दातावर दात घासते."

ते गाडीखाली शिरले, क्लचची ढील कमी केली, बाहेर येऊन स्वतः सीटवर बसले. क्लच दाबला, दोन श्वासांइतका वेळ थांबले, रिव्हर्स टाकला. आवाज नाही. पुन्हा टाकला. नाही.

"झालं. बस तू."

बाबा बसले. खर्रर्र.

मिस्त्रींनी बाबांना पुन्हा टाकायला लावला. पुन्हा तेच. मग ते उघड्या दारापाशी उकिडवे बसले आणि बाबांच्या पायाकडं बघू लागले. पेडल खालपर्यंत जातच नव्हतं. दोन बोटं वरच थांबत होतं.

"दाब ना गा."

"दाबूनच राहिलो ना!"

मिस्त्रींनी हात पुढं करून बाबांची विजार गुडघ्यापर्यंत सारली. डावा गुडघा नारळासारखा सुजला होता. त्यांनी नुसता तळवा ठेवला तर बाबांनी डोळे मिटून घेतले.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"अन् रोज डॉक्टरले घेऊन फिरतं तू! सांगितलं काहून नाही?"

बाबा स्टिअरिंगकडं बघत म्हणाले, "तिलेच त नाही सांगाचं. लंगडा ड्रायव्हर कोण ठेवते गा?"

मिस्त्री उठले. त्यांनी जाड रबराचा एक तुकडा कापला आणि पेडलवर तारेनं घट्ट बांधला, म्हणजे पाय तेवढा लांबवावा लागणार नाही. "इतकं मी करू शकतो," ते म्हणाले. "गुडघा माह्या गॅरेजात नाही दुरुस्त होत."

घरी येताना बाबांनी मला बजावलं, "बाईले बोलजो नोको." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी बाईंच्या दवाखान्यात गेले. पोटुशा बायकांच्या रांगेत बसले. माझा नंबर आला तेव्हा बाईंनी मला ओळखलं आणि घाबरून विचारलं, "अगं, तू इथं?" मी सगळं सांगितलं. बोलता बोलता रडू आलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"रोज माझ्या पुढ्यात बसतात ते," त्या म्हणाल्या, "आणि मला दिसलं नाही."

त्या तशाच उठून बाहेर गाडीपाशी गेल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. खिडकीतून एवढंच दिसलं, की बाबा हात जोडून उभे आहेत आणि बाई ते जोडलेले हात खाली करताहेत.

गुडघ्यात पाणी झालं होतं. बाईंनी ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरकडून ते काढवलं. दीड महिना विश्रांती सांगितली. "नोकरी कुठं पळून जात नाही," असं आईला दोनदा ऐकवलं. तेवढे दिवस त्या स्वतः गाडी चालवायच्या. दर आठवड्याला गुडघा बघायला आमच्या वस्तीत यायच्या आणि निघताना गल्लीतून गाडी मागे घ्यायची वेळ आली की घाम पुसायच्या. बाबा अंगणातल्या खाटेवरून ओरडायचे, "बाई, क्लच पुरा दाबा! आता थांबा. थांबा जरा! हां, आता टाका!" गल्लीतली पोरं हसायची, बाईही हसायच्या.

मी बाईंना सांगितल्यावर माझ्याशी मात्र बाबा दोन दिवस बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी मी गरम मिठाच्या पुरचुंडीनं गुडघा शेकत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "काहून सांगितलं वं?"

"तुम्हाला दुखत होतं म्हणून."

त्यांनी पाय हळूच माझ्या मांडीवर नीट टेकवला, सगळा भार सोडून. तोवर ते तो पाय अवघडून, अधांतरी धरून बसायचे.

पुढं त्यांनी आणखी चार वर्षं गाडी चालवली. गुडघा पूर्ण बरा झाला नाही, पण दुखलं की ते आता सांगायचे. आईला, मला आणि कधी कधी बाईंनाही.