सकवारक्कांची जीप वळते

राजाजीनगरात सकवारक्कांना न ओळखणारा माणूस एक तर परवाच आलेला भाडेकरू असतो, नाही तर बहिरा. कारण अक्का यायच्या आधी त्यांचा आवाज येतो, आणि आवाजाच्याही आधी त्यांच्या जीपचा. पंचावन्न ओलांडलेली बाई, नाकात चमकी, साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात पुरुषी चपला आणि हाताखाली महायुद्धातली जीप. दोघींत जास्त तापट कोण, यावर गल्लीचं अजून एकमत नाही.

जीप घरात आणली ती त्यांच्या यजमानांनी, येसाजीरावांनी, मिलिटरीच्या लिलावातून. "आपले पूर्वज घोड्यावर बसून बेंगळुरात आले, आपण निदान जीपवर तरी बसू," असं म्हणून आणली आणि पहिल्याच दिवशी गटारात घातली. ती बाहेर काढली सकवारक्कांनी. तोवर त्यांनी गाडी फक्त बघितलेली. पण बघण्यात बाई कधी कमी नव्हत्या. समोरच्या कमलाक्काच्या घरी कुठली भाजी शिजते तेही त्यांना खिडकीतून कळतं. त्या दिवसापासून चालवायच्या त्या, आणि येसाजीराव शेजारी बसून हातवारे करायचे.

येसाजीराव गेल्यावर अक्कांनी केळीच्या पानांचा धंदा धरला. पहाटे यशवंतपूरच्या बाजारातून पानांचे भारे उचलायचे आणि मंगल कार्यालयांत पोचवायचे. जीप अमेरिकन फौजेची, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. लोकांना ती अडचण वाटते. अक्कांना ती सोय. बसल्या जागेवरून भारा थेट फुटपाथवर! आचाऱ्यानं पानं कमी म्हटली तर त्याचा उद्धारही बसल्या जागेवरून.

मग खांदा धरला. उजवा. डॉक्टरांनी सांगितलं, खांदा आखडलाय, जड काम बंद. आणि त्या जीपचं स्टिअरिंग म्हणजे जड कामाचा बाप. उभी जीप वळवायची तर दोन्ही हातांनी लोंबकळायचं, वर देवाचं नाव घ्यायचं. एकदा मल्लेश्वरमच्या एका गल्लीत जीप आडवी झाली ती झालीच. इकडून नवरदेवाची वरात, तिकडून भाजीची हातगाडी, मध्ये अक्का. बँडवाल्यानं तेवढ्यात चार गाणी वाजवून घेतली. शेवटी वऱ्हाडातल्या आठ जणांनी जीप ढकलून सरळ केली, आणि नवरदेवाच्या मामानं वर विचारलं, "अज्जी, घरी कुणी गंडस माणूस नाही का?"

घरी गंडस, म्हणजे पुरुषमाणूस, होता. विनोदकुमार, अक्कांचा मुलगा, विमा कंपनीत, इस्त्रीच्या घडीसारखा सरळ. त्याच्या कानावर ही वरात संध्याकाळच्या आत गेली (कुणी पोचवली हे विचारू नये, चांगल्या शेजाऱ्याचं ते कर्तव्यच असतं).

"आई, बास. जीप विकायची."

"मला विक आधी."

"तुला कोण घेणार? जीपला गिऱ्हाईक आहे."

गिऱ्हाईक खरंच होतं. कोरमंगलाचा प्रवीणकुमार, कॉम्प्युटर कंपनीतला, केस पोनीएवढे वाढवलेला, जुन्या जीपांचं वेड असलेला. दर रविवारी स्वतःची जीप घेऊन यायचा आणि अक्कांच्या जीपकडे नव्या नवरीकडे बघावं तसा बघायचा. विनोदकुमारनं मारुती व्हॅन आणि ड्रायव्हर दोन्ही ठरवून ठेवले होते.

अक्का त्या रात्री जेवल्या नाहीत. व्हॅन येईल, पानं जातील, धंदा चालेल, हे त्यांना कळत होतं. पण ड्रायव्हरच्या मागे पानांच्या भाऱ्यासारखं बसून जायचं? मग आपण कोण? भाराच की!

दुसऱ्या दिवशी एका कार्यालयाच्या मालकानं अक्कांना आपली नवी मोठी गाडी दारातून जरा बाजूला घ्यायला सांगितली. ड्रायव्हर चहाला गेला होता. अक्का चढल्या, इंजिन सुरू केलं, चक्राला हात लावला, आणि चक्र फिरलं. एका बोटानं! अक्कांनी बोट काढून बघितलं, परत लावलं, परत फिरलं. गाडी बाजूला घ्यायची सोडून त्या तिथेच डावी-उजवी करत बसल्या.

"अक्का, गाडी हलवा की!" मालक ओरडला.

"थांब रे, स्वल्प. हे लोण्यात कुणी बसवलंय?"

"पॉवर स्टिअरिंग म्हणतात त्याला."

झालं. अक्का तिथून ज्या निघाल्या त्या थेट भीमाचार्यांच्या शेडवर. भीमाचार्य लेथवाले, विश्वकर्म्याचे वंशज, कपाळाला गंध, नखांत ग्रीस. देव आणि पाना यांत त्यांना फारसा फरक वाटत नाही.

"आचार्रे, माझ्या जीपला पॉवर स्टिअरिंग बसवा."

आचार्य इतके हसले की सोवळं सुटायची वेळ आली. "अक्का, म्हाताऱ्या बैलाला विमानाचं पंख लावा म्हणताय."

"पंख नकोत. मान वळली तरी पुरे."

आठवड्यानं गुजरीतून, म्हणजे भंगार बाजारातून, आचार्यच एका चेपलेल्या गाडीची सगळी वळकटी घेऊन आले: तेलाचा पंप, रबरी नळ्या आणि स्टिअरिंगची जाडजूड पेटी. डोळ्यांत चमक. हसणाऱ्यालाच आधी वेड लागतं.

विनोदकुमारनं अट घातली. "खंडेनवमीला तू स्वतः जीप चालवत पानं पोचवलीस, तर जीप तुझी. नाही तर त्याच दिवशी दुपारी प्रवीणकुमार घेऊन जाईल."

"सरी, ठरलं," अक्का म्हणाल्या. आणि आत जाऊन देवापुढे बसल्या, ही गोष्ट वेगळी.

काम अक्कांच्या अंगणातच चाललं. इंजिनाच्या पट्ट्यावर पंप बसला. पेटी मात्र उजव्या स्टिअरिंगच्या गाडीची, आणि जीप डावी, जागा होईना. आचार्यांनी ती फिरवून, पालथी घालून, शिव्या घालून शेवटी बसवली. पेटीतून जो लोखंडी आर्म निघतो आणि चाकांना ओढतो, तो खाली घासेल या भीतीनं वर तोंड करून लावला. नवमीच्या आदल्या दिवशी पुढची चाकं जॅकवर उचलली. अक्का सीटवर, इंजिन सुरू, आणि आचार्य जीपच्या पुढे जमिनीवर पालथे, तोंड अक्कांकडे.

"डावीकडे वळवते हां!"

आचार्यांनी समोरून बघितलं. चाक त्यांच्या डाव्या हाताला वळलं. "डावीकडेच!"

"आता उजवीकडे!"

"बरोब्बर!"

दोघंही इतके आनंदले की एकमेकांना केळीचा हलवा भरवला. समोरासमोर बसलेल्या माणसांचं डावं-उजवं एक नसतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण हलवा खाणाऱ्याला कोण सांगणार? आणि जीप बाहेर काढून बघावी तर अक्कांचा नियम आडवा: नवा अवयव लागला म्हणजे गाडी नवी, आणि नव्या गाडीचं चाक पूजेआधी रस्त्याला लागत नाही.

खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, अर्धी गल्ली अंगणात जमली. जीपच्या दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, बॉनेटवर शेवंतीचा हार, चाकांखाली चार लिंबं. बाजूला पाटावर आचार्यांची सगळी हत्यारं मांडलेली, पाने, हातोडे, पक्कड, प्रत्येकावर कुंकू. कोहळा फुटला. विनोदकुमार घड्याळ बघत होता, प्रवीणकुमार जीप.

अक्का चढल्या. मागे पानांचे भारे. जीप सरळ निघाली, लिंबं फट्‌फट् फुटली, टाळ्या पडल्या. फाटकाबाहेर आल्यावर अक्कांनी एका हातानं, झोकात, चक्र डावीकडे फिरवलं.

जीप उजवीकडे गेली.

अक्कांनी आणखी डावीकडे फिरवलं. जीप आणखी उजवीकडे. तिकडे कमलाक्काच्या दारात हार घातलेली स्कूटर, रांगोळी आणि प्रसादाच्या कडलेपुरीचं, म्हणजे चुरमुऱ्यांचं, पोतं. अक्कांनी ब्रेकवर उभं राहून जीप थांबवली. स्कूटर वाचली, पोतं नाही. गल्लीभर चुरमुरे उडाले.

"अय्यो, प्रसाद!" कमलाक्का किंचाळली.

"वाटायचाच होता ना? वाटला!" अक्का म्हणाल्या.

आचार्यांनी कपाळावर हात मारून घेतला. काय झालं ते त्यांना एका क्षणात कळलं. "अक्का, आर्म उलटा. वरचा खाली करायला हवा. तासाभराचं काम."

"मग करा!"

आचार्यांनी पाटाकडे बघितलं. कुंकू लावलेले पाने देवासारखे बसले होते. "आयुधं पूजेला बसलीत, अक्का. उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय पान्याला हात लावणार नाही. माझ्या बापानं लावला नाही, मी लावणार नाही."

गल्लीतून हत्यारं आणावीत तर गल्लीतलं प्रत्येक हत्यार, अगदी कमलाक्काची विळीसुद्धा, कुंकू लावून बसलेलं. विनोदकुमार जवळ आला. आवाज मऊ केला, तो अक्कांना जास्त लागला. "आई, राहू दे आता. प्रयत्न केलास ना?"

अक्कांनी पदरानं मान पुसली. मग त्यांची नजर प्रवीणकुमारच्या जीपकडे गेली. तिला ना हार, ना लिंबू, ना कुंकवाचं बोट.

"काय रे प्रवीण, तुझ्या गाडीत पाने आहेत?"

"आहेत ना, अक्का. पूर्ण सेट."

"पूजा केलीस त्यांची?"

"नाही हो, वेळ कुठे असतो?"

"देव तुझं भलं करो, नास्तिका! आण इकडे."

प्रवीणकुमारला उशिरा उमगलं. "पण अक्का, ही नीट झाली तर मला मिळणार नाही."

"नाही मिळणार. पण बाबा, महायुद्ध बघितलेल्या जीपला कुणी पहिल्यांदा पॉवर स्टिअरिंग लावतंय, आणि तू नुसता उभा राहणार? मग वेड कसलं तुझं? कोरमंगलातलं?"

गल्ली हसली. प्रवीणकुमारनं जीपकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं, घड्याळ काढून खिशात टाकलं आणि सरळ जीपखाली शिरला. त्याचा नवा पांढरा शर्ट तिथेच संपला. आचार्य शेजारी मांडी घालून बसले. हत्याराला हात लावायचा नव्हता. तोंडाला बंदी नव्हती.

"सतरा नंबर घे. अरे सतरा! तो एकोणीस. कॉम्प्युटरला पण असाच पिळतोस का? आता हळू ठोक... देवा, कुणाची हाडं मोडतोयस?"

आर्म सुटला, तोंड खाली करून परत बसला. खाली बोटभर जागा उरली. भीती फुकटचीच होती. आणि या वेळी अक्कांनी सगळ्यांना समोरून हाकललं. "मागे उभे राहा, माझ्यासारखं तोंड करून, आणि मग सांगा डावं कुठलं ते!" अख्खी गल्ली जीपच्या मागे रांगेत उभी राहिली, विनोदकुमारसकट. चक्र फिरलं. "डावं!" गल्ली गरजली. परत फिरलं. "उजवं!" शाळेतल्या कवायतीनंतर एवढ्या एकमतानं ही माणसं कधी बोलली नसतील.

जीप निघाली. कोपऱ्यावर अक्कांनी दुखरा हात मांडीवर ठेवला, डाव्या हाताची दोन बोटं चक्रावर, आणि जीप अशी वळली, अशी वळली की पानांचा भारासुद्धा हलला नाही. प्रवीणकुमार ग्रीसच्या हातांनी शिट्ट्या मारत मागे धावला. विनोदकुमारनं पळत येऊन चालत्या जीपमध्ये उडी घेतली. जन्मात पहिल्यांदा त्याची इस्त्री मोडली.

कार्यालयाच्या अरुंद फाटकातून अक्का उलट्या आत गेल्या, पानं उतरवली, आचाऱ्याला सवयीप्रमाणे दोन शब्द सुनावले आणि बाहेर आल्या. मग मात्र जीप घराकडे येईना. नवरंग सर्कलला फेरी झाली. परत एक झाली. जिथे वळण तिथे अक्का, जिथे वळण नाही तिथेही.

"आई," विनोदकुमार कठडा धरून म्हणाला, "व्हॅनवाल्याला नको म्हणून कळवतो मी. पण आपलं घर मागे राहिलं."

"राहू दे रे," अक्का म्हणाल्या आणि चक्राला एक बोट लावलं. "पळून जात नाही ते."