बैठकीचा गडद रंग

शिरूरच्या आमच्या घरातल्या बैठकीसाठी गडद हिरवा रंग मी निवडला. बायकोनं नाही, रंगाऱ्यानंही नाही. हे आधीच सांगतो, कारण इतकी वर्षं हा विषय निघाला की मी 'आम्ही ठरवलं' असंच म्हणत आलो आहे.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी शिरूरच्या एका शाळेत शिक्षक होतो. घोड नदीच्या अंगाला तीन खोल्यांचं घर नुकतंच बांधलं होतं. पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर आणि बाजूला एक लहान खोली. भिंतींना पांढरा चुना आणि दारांच्या चौकटी काळपट. आई गेल्यावर वडील दौंडहून आमच्याकडे राहायला आले आणि ती बाजूची खोली त्यांची झाली.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. त्यांची सगळी नोकरी दौंडच्या लोको शेडमध्ये झाली. आधी ते इंजिनावर फायरमन होते. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाल्यावर त्यांना खाली उतरवून शेडमध्ये हलकं काम दिलं. त्या तपासणीची एक गोष्ट आमच्या घरात होती. नजर कमी होते आहे हे आप्पांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी एका सोबत्याकडून डॉक्टरच्या तक्त्यावरची अक्षरं ओळीनं पाठ करून घेतली. दोन वेळा निभावलं. तिसऱ्या वेळी डॉक्टरनं तक्ता बदलला आणि आप्पांनी त्याच्यासमोर उभं राहून जुना तक्ता घडाघडा म्हणून दाखवला. आई ही गोष्ट हसत सांगायची, पण आप्पा घरात नसतानाच. त्यांच्यासमोर डोळ्यांबद्दल बोलायचं नाही, हे आम्हा भावंडांना कुणी न शिकवता कळलेलं होतं.

शिरूरला आप्पा सकाळी खोलीतून निघत आणि बैठकीच्या भिंतीला उजव्या हाताची बोटं लावून दाराजवळच्या खुर्चीपर्यंत येत. दिवसातून आठ-दहा वेळा. डोक्याला तेल, बोटांना तंबाखू. सहा महिन्यांत पांढऱ्या चुन्यावर कमरेइतक्या उंचीवर एक तपकिरी रेघ उमटली, खोलीच्या दारापासून खुर्चीपर्यंत सरळ. बायकोनं दोनदा ओल्या फडक्यानं पुसून पाहिली, तर ती आणखी पसरली.

एका रविवारी शाळेतली मंडळी चहाला आली होती. आप्पा खुर्चीत बसलेले. एका सहकाऱ्याचं लक्ष भिंतीकडे गेलं.

"काय मास्तर, आप्पांनी दौंडहून येताना रूळ आणला का काय? भिंतीला टाकलाय नुसता!"

सगळे हसले. आप्पाही हसले. म्हणाले, "रूळ टाकलाय, पर गाडी लेट हाय अजून."

मग तर हशा थांबेना. मला मात्र हसू आलं नाही. हेडमास्तर बसले होते, त्यांच्या मागेच ती रेघ होती. दुसऱ्या दिवसापासून मी पाहिलं, आप्पा भिंतीला हात लावत नव्हते. बोटं भिंतीपासून बोटभर दूर धरून चालत होते आणि मध्येच कुठं तरी थबकत होते. हे पाहूनही माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता भिंत रंगवली तर ती स्वच्छ राहील.

मे महिन्याच्या सुट्टीत मी रंगाऱ्याला बोलावलं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. शिरूरच्या जुन्या घराण्यातले, निम्म्या गावाची दारं त्यांच्या हातची. त्यांनी शेडकार्ड आणलं. ते आल्या आल्या मी सांगितलं, डाग दिसणार नाही असा गडद रंग हवा, तोही ऑइल पेंट, म्हणजे फडक्यानं पुसता येईल.

बायको म्हणाली, "चॉकलेटी नको हं. शेणानं सारवल्यासारखी दिसेल बैठक."

"मग निळा?"

"निळा पोलीस चौकीला असतो."

राहिला बाटलीसारखा गडद हिरवा. बायकोला तोही जड वाटत होता. म्हणून मी ते कार्ड आप्पांच्या हातात दिलं आणि म्हणालो, "आप्पा, तुम्हीच सांगा कोणता घ्यायचा."

आप्पांनी कार्ड जवळ धरलं, लांब धरलं. ते उलटं होतं. छापलेली अक्षरं खाली डोकं वर पाय. मग त्यांनी अंगठ्यानं चाचपल्यासारखं करून एका जागी बोट ठेवलं. तिथं रंग नव्हताच. कार्डाची ती खालची कोरी पट्टी होती.

"ह्यो बरा हाय," ते म्हणाले.

मी म्हणालो, "हाच ना? हिरवा?"

"व्हय की. हिरवाच म्हंतोय मी."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. चाचा खाली मान घालून ब्रश झटकत राहिले. मी कार्ड घेतलं, घडी केली आणि म्हणालो, "ठरलं तर मग. आप्पांनीच निवडला."

चाचा जाताना मला अंगणात थांबवून हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, राग नका मानू. आप्पांना दिसत न्हाई."

"वय झालं की कमी दिसतंच, चाचा."

"तसं न्हाई. माझ्या आईचं असंच व्हतं. पांढऱ्या भिंतीत काळी चौकट असली की तेवढी उमगायची तिला, त्याच्यावर घरभर फिरायची. तुम्ही सगळंच काळं करताय. चौकट तरी पांढरी ठिवा."

मी म्हणालो, "चौकटीही त्याच रंगात घ्या. हल्ली मॅचिंग करतात सगळीकडे."

चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सायकलवर टांग टाकली. काम मात्र त्यांनी नेहमीसारखं चोख केलं. चार दिवसांत भिंती, दारं, चौकटी, सगळं एकाच गडद हिरव्यात. खोली लहान झाल्यासारखी वाटली. पण भिंतीवर हात फिरवला तर काचेवर फिरवल्यासारखं वाटायचं.

पहिल्या सकाळी आप्पा खोलीच्या दारात आले आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. मग चालत निघाले. पुढचं दार सोडून त्याच्या हातभर अलीकडे ते भिंतीवर आदळले. कपाळाला टेंगूळ आलं. मी धावलो.

"काय न्हाई, काय न्हाई. रंग ओला हाय का बघत व्हतो," ते म्हणाले.

त्यानंतर ते बैठकीत येईनासे झाले. रंगाच्या वासानं डोकं धरतं, असं सांगायचे. पंधरा दिवसांत वास गेला, आप्पा आले नाहीत. बायको चहा आत नेऊन द्यायची. अंगणात जायचं असलं की ते तिला हाक मारायचे, आणि तिला वेळ नसला तर बसून राहायचे. इकडे बैठकीत माणसं येत होती. हेडमास्तर म्हणाले, "वा, साहेबाच्या बंगल्यावर आल्यासारखं वाटतं." मला फार बरं वाटलं. आप्पा आत आहेत याचंही बरं वाटलं. लिहायला जड जातं, पण तसं वाटलं होतं.

राखीला बहीण दौंडहून आली. तिचा नवरा रेल्वेतच होता आणि ती आईबापांच्या जुन्या क्वार्टरपासून दोन गल्ल्या सोडून राहायची. बैठकीत पाऊल टाकल्या टाकल्या ती म्हणाली, "दादा, दिवसा दिवा लावून बसता का हितं?" मग ती आप्पांच्या खोलीत गेली. संध्याकाळी बाहेर आली ती आप्पांची पिशवी भरूनच.

"चार दिवस नेते त्यांना. करमत नाही म्हणतात."

चार दिवसांचा दीड महिना झाला. मग तिचं पत्र आलं. आप्पांना तिनं पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही. वर्षभर आधी आणलं असतं तर होती तेवढी राखता आली असती, असं डॉक्टर म्हणाले. पत्रात मला कुठेही बोल लावलेला नव्हता. शेवटी मुलांच्या परीक्षेबद्दल लिहिलं होतं.

दसऱ्याला न्हावरे, चौफुला करत एसटीनं मी दौंडला गेलो. बहिणीच्या क्वार्टरच्या भिंतींना पांढरा चुना होता. इंजिनांच्या काजळीनं दौंडच्या भिंती काळवंडायच्या, म्हणून तिथं दर वर्षी चुना देत. दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून खाटेपर्यंत कमरेच्या उंचीवर आप्पांच्या बोटांची रेघ होती. कुणी ती पुसलेली नव्हती. मी कडी वाजवली तर दार आप्पांनीच उघडलं.

"कोण? तू व्हय. ये, आत ये. पाणी घे माठातलं."

परत येताना मी ठरवलं, दिवाळीच्या आत बैठक पांढरी करायची आणि आप्पांना घेऊन यायचं. ठरवलं खरं, पण शाळेच्या सहामाही परीक्षेत दिवस गेले. दिवाळी दोन दिवसांवर आली तेव्हा मी चाचांकडे गेलो. ते म्हणाले, "ऑइल पेंटवर चुना धरत न्हाई, मास्तर. घासून काढावा लागंल सगळा. आठ दिवसाचं काम हाय ते."

आठ दिवस नव्हते. मी घरी चुना कालवला आणि स्वतःच तीन हात दिले. संध्याकाळी बैठक पांढरीशुभ्र दिसत होती. मला वाटलं, चाचांना उगीच शंका.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी मेहुण्यांनी आप्पांना एसटीनं आणून सोडलं. तो त्यांचा माझ्या घरातला शेवटचा मुक्काम. पुढच्या उन्हाळ्यात ते दौंडलाच वारले.

हातपाय धुऊन आप्पा आधी त्यांच्या खोलीत गेले. थोड्या वेळानं बाहेर आले. या वेळी त्यांनी भिंतीला हात लावला, पूर्ण पंजा. बोटं पुढं सरकली तसे चुन्याचे पापुद्रे सुटून खाली पडायला लागले. ते खुर्चीपर्यंत गेले आणि त्यांच्यामागे पांढऱ्या भिंतीवर कमरेच्या उंचीवर एक गडद हिरवी रेघ उघडी पडत गेली. पहिली होती तिथंच.

खुर्चीत बसून त्यांनी बोटं एकमेकांवर चोळली, मग नाकाजवळ नेली.

"चुना दिलास व्हय?"

"हो, आप्पा."

"कशापायी? चांगला व्हता की तो रंग. लोक नावाजत व्हते म्हनं."

"तुम्हाला दिसावं म्हणून."

आमच्या घरात हा शब्द त्यांच्यासमोर पहिल्यांदा उच्चारला गेला. मला वाटलं आता ते काहीतरी ठोकून देतील, पाठ केलेलं. पण ते भिंतीकडे तोंड करून बसले.

"पांढरं हाय का आता?" ते म्हणाले. "मला न्हाई कळत रे. मागल्या महिन्यापासनं काहीच कळत न्हाई."

मी पायाशी पडलेला एक पापुद्रा उचलला.

"तुला ठावं व्हतं का? तवा, रंग निवडताना?"

"नाही, आप्पा," मी म्हणालो. "माहीत असतं तर दिला असता का?"

"त्येच म्हंतो मी." त्यांनी मान हलवली. "मीच कवा सांगितलं न्हाई कुणाला. तुझी काय चूक हाय त्यात?"

बायको फराळाचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. शेडकार्डाच्या दिवशीही ती तिथंच उभी होती. तिनं ताट आप्पांच्या हातात दिलं, त्यांचा हात धरून लाडू कुठं आणि करंजी कुठं ते बोटानं दाखवलं. मग केरसुणी आणून ती भिंतीखाली पडलेला चुना गोळा करायला लागली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.