मामांचा रिमोट

कंपवाताच्या पेशंटच्या मेंदूत बारीक तारा बसवतात, छातीत एक छोटं मशीन. त्या मशीनचा करंट कॉम्प्युटरवरून लावायचं काम माझं. कोल्हापुरात हे काम करायचं म्हणजे किस्से साठणारच! फाइलमध्ये लिहायची सोय नसते, म्हणून इथे सांगतो. बरेचसे एकट्या तुकाराममामांचे आहेत.

*

मामा हातकणंगल्याजवळचे. पहिल्या भेटीत डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काय सुधारायला हवं?"

मामांचा उजवा हात मांडीवर थडथडत होता. "धार काढाय यायला पायजे. चार वर्सं झाली, म्हशीला हात न्हाय लावलेला."

मामी म्हणाल्या, "चालाय येईना, ते सांगा की आदी!"

"चालून जायाचं कुठं? गोठ्यातच की!"

*

मॅडमनी समजावलं, "मेंदूतल्या पेशी एरवी आपापलं काम करतात. तुमच्या सगळ्या एकाच तालावर डोलायला लागल्यात. करंट देऊन तो ताल मोडायचा."

"म्हंजे समद्यांचं एकमत झालंय, म्हणून बिघडलंय?"

"तसंच समजा."

"मग करंट कशाला? आमच्या दूध सोसायटीचं दोन डायरेक्टर सोडा आत!"

*

तारा बसवताना पेशंट जागा लागतो. वाचा तपासायला त्याला बोलतं ठेवतात. मामांनी म्हशीच्या अडलेल्या बाळंतपणाची गोष्ट काढली. ऐन रंगात आली आणि मशीन बसवण्यासाठी त्यांना भूल दिली.

ऑपरेशन संपवून सर्जन बाहेर आले. मामी घाबरून उभ्या राहिल्या.

"सगळं नीट झालं," सर्जन म्हणाले. "त्या रेडकाचं पुढे काय झालं?"

*

पहिल्यांदा करंट लावला तेव्हा मी पुण्याहून नवाच आलेलो.

"कसं वाटतंय मामा?"

"हाय."

थरथर अजून आहे, असं ते सांगत होते. मी समजलो, करंट 'हाय' झालाय. कमी केला.

"आता?"

"हाय की!"

आणखी कमी केला. हात टेबलावर ताशा बडवायला लागला. मामा ओरडले, "हाय! हाय! हाय!"

मी थेट शून्यावर!

मामींनी मला नीट न्याहाळलं. "पावणं, कुठल्या गावचं तुमी?"

*

तीन महिन्यांनी मामा तपासणीला आले. चालत आले, हात स्थिर. मी खूश! पण मशीनमधली नोंद पाहिली आणि चरकलो. रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं मशीन बंद. घरी रिमोट दिलेला असतो, त्यावरूनच कुणीतरी बंद करत होतं.

मॅडम चिडल्या. "मामा, अहो, धारेसाठी एवढं ऑपरेशन केलंत ना? जमत नाही का धार?"

मामांनी मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं.

"जमती की," ते हळूच म्हणाले. "बादली भरून काढतोय."

"मग बंद कशाला करता?"

मामींनी पिशवीतून रिमोट काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, गप हाताला म्हस पान्हाच सोडंना. तिला कासेला रेडकागत ढुसण्या लागत्यात. म्हणून पानवाय बंद, पिळाय चालू!"